झगझगाटाची कैफियत

गेल्या जत्रांचा हंगाम सरल्यावर तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका छायाचित्र-स्पर्धेत परीक्षक म्हणून आलेल्या मुंबईकर गृहस्थांनी, रात्री काढलेल्या ज्या ज्या चित्रांत त्यांना फ्लॅशचा नुसता संशय आला ती ती सर्व चित्रे गुणांचा विचार होण्यापूर्वीच बाजूस काढून ठेवली, आणि मग पाऊण तास भाषण करून आपल्या या हुकुमाची कारणेही सांगितली. बाद झालेल्या त्या गठ्ठ्यात माझेही एक चित्र होते, हे आरंभीच सांगून टाकतो; पुढील मजकुरात जी काही धार आढळेल तिचे मूळ वाचकास ठाऊक असलेले बरे. छायाचित्रांच्या फैसल्यावर अपील चालविणारे कोर्ट अद्याप कोठे स्थापन झालेले नाही. म्हणून कुणकेश्वराच्या पंचक्रोशीत पस्तीस वर्षे लग्ने, मुंजी, पालख्या आणि दशावतारी नाटके टिपीत आलेल्या एका जुन्या स्टुडिओवाल्याची ही कैफियत वाचकांपुढे ठेवणे भाग आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्याच ताकदीने मांडले पाहिजे. हे गृहस्थ गोव्याच्या किनाऱ्यावरील नाइटक्लबांत रात्रीमागून रात्री उभे राहून चित्रे काढणारे; त्यांचा अनुभव उसना नव्हे. ते म्हणाले की क्लबात माणसे काळोखासाठी जातात, काळोख हाच तेथला विषय, आणि फ्लॅश उडाला की त्या विषयाचाच खून होतो: कपाळे पांढरीफटक, बुबुळे लाल, पाठीमागे डांबर ओतल्यासारखा काळोख, आणि नाचणारा प्रत्येक माणूस पोलिसांनी धाड घालून पकडल्यासारखा. दुसरे असे की आजचे कॅमेरे आयएसओ सहा हजार चारशे आणि बारा हजार आठशेवर सहज चालतात, तेव्हा फ्लॅश ही आता अंगठेबहाद्दराची कुबडी उरली आहे. तिसरे असे की फ्लॅश हा रंगात आलेल्या नटाचा किंवा नर्तकाचा उपमर्द होय. क्लबाला लावलेला हा न्याय त्यांनी आमच्या दशावतारालाही जसाच्या तसा लावला; दोन्ही ठिकाणी रात्र आहे, गर्दी आहे, वाद्ये आहेत आणि रंगवलेले चेहरे आहेत, एवढे साम्य त्यांना पुरेसे वाटले. तेवढ्यापुरते मलाही ते मान्य आहे.

लाल बुबुळांचा आरोप आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत हलका आहे. अंधारात डोळ्याची बाहुली विस्फारलेली असते, भिंगाला खेटून असलेल्या दिव्याचा उजेड सरळ आत जातो, आणि पडद्यावरच्या रक्ताचा रंग घेऊन सरळ परत भिंगात येतो. दिवा भिंगापासून हातभर बाजूला धरला की बुबुळ पुन्हा काळे होते. म्हणजे हा दोष उजेडाचा नसून मनगटाचा आहे, आणि मनगटाच्या दोषाबद्दल दिव्याला शिक्षा ठोठावणे हे, तबलजीचा ताल चुकला म्हणून तबला फोडण्यासारखे झाले.

आता मूळ मुद्दा. परीक्षकांच्या भाषणात एक शब्द पुनःपुन्हा येत होता, तो म्हणजे ‘उपलब्ध प्रकाश’. जो उजेड त्या जागी आपोआप आहे तो पवित्र, आणि छायाचित्रकाराने नेलेला तो भ्रष्ट, अशी ही सोवळ्याओवळ्याची विभागणी आहे. दिवसाचे मी बोलत नाही. दिवसाचा प्रकाश खरोखरच कोणाच्या मालकीचा नसतो. परंतु रात्रीचा उजेड ‘उपलब्ध’ कसा असतो? आमच्या कुणकेश्वराची मोठी यात्रा महाशिवरात्रीची, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीची. दुसऱ्या दिवशी अमावास्येला गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रात तीर्थस्नानाला उतरतात. पंचांगाने निवडलेली ही रात्रच अशी की चंद्र म्हणून मदतीला नाही. वर आकाश काळे, खाली दर्या काळा, आणि या दोन काळोखांच्या मधल्या पट्टीवर जे काही दिसते ते झाडून सारे कोणीतरी लावलेले असते. या देवळाविषयी जी दंतकथा आमच्याकडे सांगतात तीदेखील उजेडाचीच आहे: वादळात सापडलेल्या एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याला काठावर मिणमिणता दिवा दिसला, त्याने नवस बोलला, तो वाचला, त्याने देऊळ बांधले; त्याचे म्हणून सांगितले जाणारे थडगे देवळाजवळ आजही दाखवतात. कथेतल्या त्या दिव्याला ‘उपलब्ध’ म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे, पण त्यात तेल घालणारा कोणीतरी होता.

आणि आज तेल घालणारा कोण? मांडवाचे कंत्राट घेतलेला कंत्राटदार. जत्रेतल्या दशावताराच्या रंगमंचावर जो प्रकाश पडतो तो नाटकासाठी कोणी योजलेला नसतो. लग्नाच्या स्वागतसमारंभासाठी घेतलेले निळे, जांभळे आणि हिरवे एलईडी दिवे दुसऱ्या दिवशी तसेच दशावताराच्या बाकड्यावर रोखले जातात, आणि यंत्राच्या लहरीप्रमाणे आपोआप रंग बदलीत बसतात. राजापार्टाने मोठ्या कष्टाने चेहऱ्यावर पिवळा थर दिलेला असतो, कपाळी कुंकवाचा मळवट भरलेला असतो, भुवया काजळाने ताणलेल्या असतात. वरून निळा दिवा पडला की पिवळे करडे होते, कुंकू काळे ठिक्कर पडते, आणि द्वारकेचा राणा कोळशाच्या वखारीतून उठून आल्यासारखा दिसतो. जांभळा दिवा पडला तर गाल, नाक आणि ओठ यांतील सीमारेषाच पुसून जातात आणि चेहऱ्याच्या जागी एक जांभळा डाग उरतो. येथे आयएसओ कितीही चढवा; लाल रंग दिसण्यासाठी लाल किरण त्या वस्तूवर पडावे लागतात, आणि जे किरण मुळात पडलेच नाहीत त्यांना कोणता कॅमेरा कोठून आणणार? निसर्गनियमात यावर तोड नाही. फ्लॅशच्या नळीतला झेनॉन वायू मात्र जवळजवळ मध्यान्हीच्या उन्हासारखा, सर्व रंग पोटात घेतलेला उजेड देतो; त्या एका क्षणात कुंकू कुंकवासारखे आणि हळद हळदीसारखी दिसते. तेव्हा नटाने स्वतःच्या हाताने रंगविलेला चेहरा दाखविणारे चित्र खोटे, आणि कंत्राटदाराच्या यंत्राने विद्रूप केलेला चेहरा दाखविणारे चित्र खरे, हा निवाडा कोणत्या कायद्याखाली झाला ते समजू द्यावे.

याच स्वस्त दिव्यांची आणखी एक खोड आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून हे दिवे सेकंदाला शंभर वेळा फडफडतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून वेगवान केले की चित्रावर काळे-उजळ पट्टे उमटतात. पट्टे टाळावेत तर शटर मंद ठेवावे लागते. शटर मंद ठेवले तर दशावतारातला उड्या मारणारा राक्षस संकासुर नुसता धुरासारखा पसरतो. परीक्षकांनी या विहिरीचा आणि त्या आडाचा उल्लेख केला नाही.

आयएसओचे स्तोत्रही थोडे तपासून पाहिले पाहिजे. शंभरापासून सहा हजार चारशेपर्यंत सहा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी दुपटीची. परंतु ही दुप्पट उजेडाची नव्हे, उजेडाच्या नोंदीची आहे. कमी पगारावरचा कारकून जसा एकाच आण्याची नोंद सहा वह्यांत करून जमाखर्च फुगवितो, तसा हा प्रकार. आणि वही फुगली की तिच्यातील चुकाही फुगतात, त्यांनाच आपण चित्रातील रवा म्हणतो. उपलब्ध प्रकाशाच्या पंथाचे आद्य पुरुष म्हणून ज्यांचे नाव आदराने घ्यावे ते जर्मनीचे डॉ. एरिख सालोमन. १९२८ साली बर्लिनच्या न्यायालयात टोपीत कॅमेरा लपवून त्यांनी खटल्याची चित्रे घेतली, आणि पुढे मुत्सद्द्यांच्या परिषदांतून एर्मानॉक्स कॅमेऱ्याच्या एफ दोन भिंगाने अशी चित्रे टिपली की त्या काळी ती जादूच वाटली. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण सालोमन यांच्या दिवाणखान्यांत झुंबरे होती, पांढऱ्या भिंती होत्या, आणि त्यांचे मुत्सद्दी जेवणानंतर खुर्चीत पेंगत होते. आमच्याकडे काळा अंगरखा घातलेला, डोक्यावर काळे टोपरे ओढून त्यावर पांढऱ्या रेषांचे डोळे कोरलेला आणि लांब लाल जीभ लोंबविणारा संकासुर, मृदंगाच्या बोलावर, काळ्या आकाशाखाली उड्या मारीत असतो. वेद चोरून पळालेला हा इसम मुळातच काळोखाचा फायदा घेणारा. त्याला परीक्षकांच्या पद्धतीने पकडू गेल्यास हाती फक्त जीभ लागते.

तथापि माझा खरा आक्षेप तंत्राचा नाही, इतिहासाचा आहे. झगझगाट हा कॅमेऱ्याने आमच्या रंगभूमीवर लादलेला परका पाहुणा आहे, असे जे गृहीत धरले गेले ते सर्वस्वी चुकीचे होय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पौराणिक नाटकांत राक्षसाचा प्रवेश म्हणजे काय असे? दिवटीच्या ज्वाळेवर राळेची भुकटी फेकावयाची, भपकन उजेड उडवावयाचा, आणि त्या उजेडात आरोळ्या ठोकीत राक्षसाने अवतरावयाचे. प्रेक्षकांचे डोळे क्षणभर दिपावेत, आणि दिपलेल्या डोळ्यांपुढे ते ध्यान दुप्पट भयानक व्हावे, हीच त्यातील योजना. ‘टीकेची राळ उडविणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, आणि परीक्षकांनी त्या संध्याकाळी आमच्यावर ती यथेच्छ उडविलीही. पण राळ ही रंगभूमीवरची वस्तू आहे, आणि ती मॅग्नेशियमच्या फ्लॅशपूडची थोरली बहीण आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. जर्मनीत मॅग्नेशियमची ती पूड १८८७ साली निघाली, म्हणजे आमच्या राळेनंतर निदान चव्वेचाळीस वर्षांनी. दशावताराची रात्र हिलालांची आणि दिवट्यांची होती, मग गॅसबत्तीची झाली, मग ट्यूबलाइटची, आणि आता या रंगीत फडफडणाऱ्या दिव्यांची. हिलाल आणि दिवट्या माणसाच्या हातातल्या. जेथे चेहरा पाहावयाचा तेथे त्या पुढे नेता येत आणि काम झाले की मागे घेता येत. अंधारात उजेड न्यावयाचा आणि परत न्यावयाचा, ही आमची वहिवाट आहे. तिला बाधा आली ती कायम रोवलेल्या दिव्यांनी, फ्लॅशने नव्हे.

क्लबांच्याच दाखल्यावर परीक्षकांचा भर होता, म्हणून दोन दाखले मीही देतो. १९३० नंतरच्या पॅरिसमधील नृत्यगृहे आणि दारूचे गुत्ते ज्याच्या चित्रांमुळे जगाला ठाऊक झाले तो ब्रासाई अशा आतल्या जागी मॅग्नेशियमचा भडका उडवूनच चित्रे घेत असे. रस्त्यावरच्या धुक्याची त्याची चित्रे दिव्यांच्या खांबांवर भागली, पण माणसांच्या गर्दीत शिरताना त्याने स्वतःचा उजेड बरोबर नेला. दुसरा मालिक सिदिबे, आफ्रिकेतील माली देशाच्या बामाको शहराचा. देश १९६० साली स्वतंत्र झालेला, तरुण पोरे शनिवारी रात्री नवी गाणी लावून नाचत, आणि हा सायकलवरून या मेजवानीतून त्या मेजवानीत जाऊन फ्लॅशने त्यांना टिपी, मग ठसे काढून आपल्या दुकानाबाहेर लावी. पोरे येऊन आपापला फोटो शोधीत आणि विकत घेत. १९६३ च्या नाताळच्या रात्रीचे त्याचे एक चित्र प्रसिद्ध आहे: भाऊ आणि बहीण नाचताहेत, डोकी एकमेकांकडे झुकलेली, भावाचा सूट पांढरा. फ्लॅशने त्या चित्रातील रात्र मेली, असे ते पाहिलेला माणूस म्हणणार नाही. ज्यांचा उपमर्द झाला म्हणावयाचे ती पोरे मागाहून पैसे मोजून आपला ‘उपमर्द’ घरी नेत होती. लग्नाच्या फोटोंसाठी माझ्याही दुकानाच्या काचेशी अशीच झुंबड उडत असे, म्हणून हा सिदिबे मला परका वाटत नाही.

माझे बाद झालेले चित्र कसे घेतले होते ते आता सांगतो, म्हणजे ‘अंगठेबहाद्दर’ या पदवीचा विचार करणे सोपे जाईल. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर, म्हणजे इतके मंद की मागच्या माळांचे दिवे, पायपेटीवाल्याचा सदरा, पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोरांची डोकी, हे सारे मांडवाच्याच उजेडात उमटावे. फ्लॅश कॅमेऱ्यावर नव्हताच. भाच्याच्या हातात, डाव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, सोळाव्या हिश्श्याच्या ताकदीवर. मांडवाच्या गुलाबी कापडावर उजेड मारून परतविला असता तर संकासुर गुलाबी झाला असता, म्हणून दिव्याच्या तोंडाशी पांढरा पुठ्ठा रबराने बांधलेला. आणि फ्लॅश उडावयाचा तो शटर उघडताक्षणी नव्हे, तर मिटण्याच्या अगदी आधी. यात भेद आहे. आरंभी उडाला तर माणूस आधी गोठतो आणि त्याच्या हालचालीचा धूसर पट्टा त्याच्या पुढे येतो, जणू तो पाठीमागे ओढला जात आहे. अखेरीस उडाला तर आधी पट्टा उमटतो आणि त्याच्या टोकाशी माणूस ठाशीव उभा राहतो. माझ्या चित्रात संकासुराची लाल जीभ एका लांब लाल रेषेने वळत येऊन शेवटी हनुवटीशी स्थिर झाली होती, आणि काळ्या अंगरख्याची डावी कड काळ्या आकाशापासून केसभर सुटली होती. त्या केसभर उजेडासाठी मी तीन हंगाम खर्च केले आहेत.

उपमर्दाच्या आरोपात तथ्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. गाभाऱ्यात फ्लॅशच काय, कॅमेराही नेऊ नये, या मताचा मी आहे. दशावतारी नटापुढे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले, संवाद मात्र उभ्याउभ्या सुचवावयाचे, आणि शब्द जुळत असतानाच कोणी समोरून डोळ्यांत उजेड भोसकला तर तो नट जे बोलणार होता ते कायमचे गेले. म्हणून समोरून मारू नये, संवादात मारू नये, युद्धात आणि नाचात मारावा, आणि रंगपटात जाऊन आधी विचारावे. या किनाऱ्यावर उजेड ही निरुपद्रवी वस्तू नाही, हे मालवणच्या पारंपरिक मच्छीमाराइतके कोणाला कळते? एलईडीचे झोत पाण्यावर सोडून मासळी लुटण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, आणि ती मोडली जाते म्हणून तो आजही फिर्याद करतो. पण त्या मच्छीमाराने आपल्या होडीतला कंदील विझविलेला नाही. आणि ज्या गुन्ह्यासाठी आम्हाला शिक्षा झाली तो रोज करणारे निराळेच आहेत: तिसाव्या रांगेतून मोबाइलचा दिवा पेटवून रंगमंचाचे चित्र घेणारे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो आणि चौपट झाले की सोळावा हिस्सा, हा नियम त्यांना ठाऊक नसतो. त्यांच्या दिव्याने इंद्राचा दरबार उजळत नाही, पुढच्या रांगेतल्या आजोबांचे टक्कल तेवढे उजळते.

ज्याचा उपमर्द होतो असे म्हटले जाते त्याची जबानी मात्र त्या पाऊण तासात कोणी घेतली नाही. ती माझ्यापाशी आहे. रंगपट म्हणजे शाळेच्या पडवीचा, दोन साड्या आडव्या बांधून केलेला आडोसा. रात्रीचे साडेअकरा झालेले. पेटाऱ्याच्या झाकणाला टेकविलेल्या आरशापुढे मांडी घालून स्त्रीपार्टी नट भुवई ओढीत होता, डाव्या हाताने उजवा हात मनगटाशी धरून, कारण त्याला ताप होता आणि हात कापत होता. मी शहाणपणाने दिवा न लावता, वरच्या एका बल्बवर, हलक्या पावलाने चित्र घेऊ लागलो. आरशातूनच माझ्याकडे पाहत तो म्हणाला, “काकानू, फोटो काढतास तर लायट मारून काढा, नायतर मी काळोच येतंय.” मी पुठ्ठा बांधला, दिवा बाजूला धरला, आणि काढला.

पुढच्या जत्रेत त्याला ठसा नेऊन दिला. त्याने तो मोबाइलच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, “नथ बरी इली.”